वापरलेली व्हॅन आणि योग्यता तपासणी : तंजावूरच्या निमित्ताने

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी महाराजांनी (दुसरे) इ. स. १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्या शिलालेखाचा आणि प्रस्तुत लेखाच्या विषयाचा तसा काही संबंध नाही. परंतु व्यंकोजीराजांच्या काळापासून कावेरीकाठी स्थिरावलेली मराठी भाषिक कुटुंबे आजही तंजावूर-कुंभकोणम परिसरात आहेत, घरात आपली जुनी वळणाची मराठी बोलतात आणि बाहेर तमिळमध्ये व्यवहार करतात. अशा एखाद्या कुटुंबातील तरुणाने वापरलेली व्हॅन घेण्यासाठी बँकेकडे कर्ज मागितले, तर त्याला काय सांगावे, हा या लेखाचा विषय. पुण्याच्या किंवा बेळगावच्या ग्राहकालाही बहुतांशी तेच सांगावे लागेल. मात्र तंजावूरची म्हणून काही वैशिष्ट्ये आहेत, ती ओघात येतील.

प्रथम शब्दांविषयी. महाराष्ट्रात ज्याला आपण गाडीचे ‘पासिंग’ म्हणतो, त्याला तमिळनाडूत सरसकट ‘एफ. सी.’ म्हणतात. (आपल्याकडे ‘पासिंग’ हा शब्द नोंदणीच्या जागेसाठीही वापरतात, म्हणून ‘एम. एच. बारा पासिंग’, त्यामुळे तंजावूरच्या दलालाशी फोनवर बोलताना घोटाळा होऊ शकतो.) कायद्याच्या भाषेत हे ‘योग्यता प्रमाणपत्र’, नमुना ३८. मालवाहू छोट्या गाडीला आपण ‘टेम्पो’ म्हणतो. तो शब्द पुण्याच्या एका कंपनीच्या नावातून आपल्या भाषेत उतरला आणि कंपनीने २००५ मध्ये नाव बदलल्यावरही भाषेत राहिला. तमिळनाडूत ‘व्हॅन’ म्हटले की बहुधा प्रवासी गाडी डोळ्यांपुढे येते. एका नावाबाबत मात्र दोन्ही भाषांचे एकमत आहे. २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एस या छोट्या मालगाडीला आपण ‘छोटा हत्ती’ म्हणतो आणि तमिळ लोक ‘कुट्टि यानै’, म्हणजे तेच!

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ अन्वये परिवहन वाहनाजवळ योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणीच वैध मानली जात नाही. म्हणजे मुदत संपलेल्या प्रमाणपत्राची गाडी ही केवळ दंडास पात्र गाडी नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ती रस्त्यावर नसावयास हवी. बँकेच्या दृष्टीने पाहिले तर नजरगहाण असलेले तारण त्या दिवशी कमाई करण्यास असमर्थ ठरते. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही याच मुद्द्यावर वाद उद्भवतो. तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनांना परवान्यातून सूट आहे, म्हणून योग्यता प्रमाणपत्रही लागत नाही, असा समज अनेक ग्राहकांचा असतो. तो चुकीचा आहे. सूट परवान्यापुरती आहे.

मुदतीसंबंधीचा नियम नोव्हेंबर २०१८ मध्ये बदलला. पूर्वी नव्या वाहनास दोन वर्षे आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण अशी पद्धत होती. आता आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास दोन वर्षांसाठी आणि आठ वर्षांवरील वाहनास एक वर्षासाठी प्रमाणपत्र मिळते. वापरलेली गाडी घेणाऱ्याने हे आकडे कर्जाच्या मुदतीशी ताडून पाहावेत. सहा वर्षांची गाडी चार वर्षांच्या कर्जावर घेतली, तर पहिली दोन वर्षे एका प्रमाणपत्रावर निघून जातील. पुढे मात्र दरवर्षी तपासणी येईल. गाडी म्हातारी होत जाईल तसतशी परीक्षा वारंवार होईल, हे ध्यानात न घेता आखलेला हप्ता शेवटच्या दोन वर्षांत जड जातो.

तपासणीत पाहतात काय? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ६२ मध्ये यादीच आहे : दिवे व त्यांच्या झोताची दिशा, परावर्तक, आरसे, काच, वायपर, भोंगा, सायलेन्सर, धूर, ब्रेक, स्टिअरिंग, वेगमापक इत्यादी. काही गोष्टींना आकड्यांची मर्यादा आहे. टायरच्या नक्षीची खोली चारचाकीस १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. स्टिअरिंगचे चाक ३० अंशांहून अधिक मोकळे फिरता कामा नये. डिझेलच्या धुराची मर्यादा भारत स्टेज चार वाहनास ५० हार्ट्रिज एकके आणि त्यापूर्वीच्या वाहनास ६५ आहे. खरेदीदाराला यातील निम्म्या गोष्टी मेकॅनिकविना तपासता येतात. टायरची पट्टी काही रुपयांना मिळते आणि स्टिअरिंग हाताने हलवून पाहण्यास काहीच पडत नाही.

या यादीचे मनातल्या मनात दोन भाग करावेत. पहिला भाग बल्ब, वायपर, भोंगा, परावर्तक पट्ट्या, आरसा यांचा. यांपायी गाडी परत पाठवली जाते, पण दुसऱ्या दिवशी थोड्या खर्चात पुन्हा उभी करता येते. दुसरा भाग चॅसिसचा गंज, दोन चाकांच्या ब्रेकमधील तफावत, स्टिअरिंगची झीज आणि इंजिनाचा धूर यांचा. येथे हजारो रुपये आणि कित्येक दिवस जातात. म्हणून ‘ही गाडी पास होईल का?’ या प्रश्नापेक्षा ‘नापास झालीच, तर कोणत्या भागात होईल?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

ब्रिटनमध्ये १९६० पासून अशी तपासणी सक्तीची आहे, आणि तेथे गाडीचा क्रमांक टाकला की कोणालाही तिच्या पूर्वीच्या तपासण्या विनामूल्य पाहता येतात. केव्हा नापास झाली, कशामुळे, त्या दिवशी किलोमीटर (तेथे मैल) किती होते, हे सर्व. तेथील नोंदींत नापास होण्याच्या कारणांत दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर ही सतत वरच्या क्रमांकांवर असतात. आपल्याकडे ‘वाहन’ पोर्टलवर प्रमाणपत्राची मुदत, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि वित्तपुरवठादाराची नोंद दिसते. पण गाडी पूर्वी किती वेळा परत पाठवली गेली, हे खरेदीदाराला समजत नाही. म्हणून आपल्याकडे हा इतिहास विक्रेत्याकडील दुरुस्तीच्या पावत्यांतून आणि गाडीच्या पोटाखाली वाकून वाचावा लागतो.

विश्वसनीयतेचे गणित थोडे मांडून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एका विशिष्ट वयाच्या व्हॅन पहिल्या खेपेस पास होण्याचे प्रमाण शंभरात सत्तर आहे. ऐकायला बरे वाटते. पण चार तपासण्या एकापाठोपाठ पहिल्याच खेपेस पास होण्याची शक्यता ०.७ चा चार वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे २४ टक्के येते. चारांत एकदा तरी अडखळणे हेच गृहीत धरून चालावे. या हिशेबात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. सत्तर टक्के ही सरासरी समूहाची असते. नीट राखलेली गाडी जवळजवळ दरवेळी पास होते आणि दुर्लक्षित गाडी वारंवार नापास होते. दोघींची सरासरी सत्तर येते, पण सत्तर टक्क्यांची म्हणावी अशी गाडी बाजारात शोधून सापडत नाही. त्यामुळे अमुक कंपनीची गाडी ‘भरवशाची’ या ऐकीव माहितीपेक्षा ही विशिष्ट गाडी कोणी, कशी आणि कोणत्या मालासाठी चालवली, याला अधिक महत्त्व द्यावे.

तंजावूरची वैशिष्ट्ये येथेच पुढे येतात. हा जिल्हा कावेरीच्या खोऱ्यातला, भाताचे कोठार. परंतु त्याला समुद्रकिनाराही आहे. मल्लिपट्टिणम येथे सरफोजी महाराजांनी १८१४ च्या सुमारास, नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ बांधलेली वास्तू आजही ‘मनोरा’ याच नावाने ओळखली जाते. त्या किनाऱ्यावरून मासळी वाहणारी व्हॅन आणि पट्टुक्कोट्टैकडून नारळ वाहणारी व्हॅन एकाच वर्षाच्या असल्या, तरी त्यांच्या चॅसिसचे वय सारखे नसते. मासळीच्या बर्फाचे खारे पाणी फळ्यांतून झिरपते आणि लोखंडी पट्ट्यांना आतून खाते. वरून रंग मात्र चकचकीत असतो. तपासणीपूर्वी गाडी रंगवून घेण्याची प्रथा सर्वत्र आहे आणि ती गैर नाही. पण खरेदीच्या दिवशी ताजा रंग दिसला, तर हातोडीच्या दांड्याने चॅसिसवर ठोकून आवाज ऐकावा. पोकळ आवाज येणाऱ्या जागी वेल्डिंगचा खर्च लपलेला असतो.

पावसाचे वेळापत्रकही निराळे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे ओले महिने. तंजावूरला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. गाडी महाराष्ट्रातून तेथे नेल्यास तिची देखभालीची जुनी सवय उपयोगी पडत नाही. ज्याच्या प्रमाणपत्राची मुदत जानेवारीत संपते, त्याची गाडी नेमकी पावसाने झोडपल्यानंतर परीक्षेस बसते. ब्रेक ड्रममध्ये चिखल, वायरिंगमध्ये ओल. आणि जानेवारीत पोंगल, तिरुवैयारूची त्यागराज आराधना, म्हणजे भाड्याचा ऐन हंगाम.

प्रवासी व्हॅन घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुंभकोणमच्या आसपासच्या नवग्रह मंदिरांची यात्रा हा तेथील व्हॅनवाल्यांचा हमखास धंदा. त्यांतील शनीचे तिरुनळ्ळार हे पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशातील कारैकालमध्ये येते. योग्यता प्रमाणपत्र संपूर्ण भारतात ग्राह्य असते, परवाना मात्र तसा असेलच असे नाही. नऊपैकी आठ ग्रह जुन्या कागदांवर होतात आणि शनीला अडचण येते, असे तेथे गमतीने म्हणावयास हरकत नाही.

हे सर्व हिशेब झाले. परंतु प्रमाणपत्राचा मूळ हेतू हिशेबाचा नाही. जुलै २०१२ मध्ये चेन्नईच्या उपनगरात शाळेच्या बसच्या तळाला पडलेल्या भोकातून दुसरीत शिकणारी मुलगी रस्त्यावर पडली आणि त्याच बसच्या चाकाखाली मरण पावली. त्या बसला काही आठवड्यांपूर्वीच योग्यता प्रमाणपत्र मिळालेले होते. मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच वर्षी तमिळनाडू शासनाने शालेय बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. ही घटना येथे सांगण्याचे कारण एवढेच की, प्रमाणपत्र त्या दिवशीच्या तपासणीचे दर्शक असते, तेही तपासणी प्रामाणिकपणे झाली असल्यास. वर्षभराच्या सुस्थितीची ती हमी नव्हे. कर्जदार जेव्हा ‘साहेब, कालच एफ. सी. झाली आहे’ असे आत्मविश्वासाने सांगतो, तेव्हा आम्ही कर्ज विभागातील मंडळीसुद्धा नकळत सुटकेचा निःश्वास टाकतो. तो टाकण्यापूर्वी गाडीची फळी उचलून पाहावी.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम प्रसिद्ध केले. जेथे अशी केंद्रे सुरू झाली आहेत, तेथे प्रत्येक चाकाचा ब्रेकजोर, दिव्याचा झोत, धूर यंत्राने मोजला जातो. डाव्या-उजव्या ब्रेकमधील जी तफावत डोळ्याला दिसत नव्हती, ती आता कागदावर उमटते. वर्षानुवर्षे ‘कधीच नापास न झालेली’ गाडी यंत्रासमोर नापास होऊ शकते, हे जुन्या गाडीच्या खरेदीदाराने मनात धरावे. तसेच पंधरा वर्षांवरील वाहनांचे तपासणी शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आणि शुल्कात नंतरही बदल झाले. तेव्हा त्या दिवशीचा दर पोर्टलवर पाहूनच हिशेब करावा.

आता हप्त्याकडे वळू. पुन्हा समजुतीखातर आकडे घेऊ. दर तपासणीपूर्वीच्या नेहमीच्या कामाचा खर्च ८,००० रुपये. नापास झाल्यास दुरुस्ती १४,००० आणि गाडी पाच दिवस उभी राहिल्याने बुडालेले दररोजचे १,२०० याप्रमाणे ६,०००, एकूण २०,०००. नापास होण्याची शक्यता तीस टक्के धरली, तर त्यापोटी ६,००० बाजूला काढावे लागतील. दोन्ही मिळून वर्षाला १४,०००, म्हणजे महिन्याला सुमारे १,२०० रुपये. ही रक्कम हप्त्याबरोबरच आवर्त ठेव खात्यात जमा करावी, असा आग्रह शाखेने धरावा. ज्याने ती धरली नाही, त्याची गाडी गॅरेजमध्ये अडकते, पैसे नाहीत म्हणून महिनाभर तेथेच राहते, कमाई थांबते, हप्ता थकतो. आणि थकबाकी नव्वद दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक वर्गात जाते. एका ब्रेक ड्रमपायी असे झाल्याचे कोणत्याही शाखेतील जुना अधिकारी सांगू शकेल.

गाडी परराज्यातून, म्हणजे उदाहरणार्थ पुण्याहून तंजावूरला न्यावयाची असल्यास कागदांचा क्रम चुकवू नये. पूर्वीचे कर्ज फिटले असेल तर नमुना ३५ द्वारे वित्तपुरवठादाराची नोंद काढून घ्यावी, मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये घ्यावे, हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी तेथे राहणार असल्याने नव्या नोंदणी क्रमांकासाठी नमुना २७. तंजावूरचा संकेत टी. एन. ४९, कुंभकोणमचा टी. एन. ६८. आपल्या बँकेचे नजरगहाण नमुना ३४ ने नव्या नोंदीवर चढले आहे ना, हे शाखेने स्वतः पोर्टलवर पाहावे. ग्राहकाने आणलेल्या छायाप्रतीवर विसंबू नये.

तपासणीची तारीख विक्रेत्याच्या सोयीची असते, ती आपल्या सोयीची करून घेता येते. मुदत संपण्याच्या आधीच गाडी तपासणीस उभी करण्यास आडकाठी नाही. तंजावूरच्या ग्राहकाने जानेवारीची मुदत असल्यास सप्टेंबरमध्ये, पाऊस सुरू होण्याआधी, ब्रेक आणि वायरिंगचे काम उरकावे, डिसेंबरअखेर पाऊस ओसरताच ड्रम पुन्हा उघडून साफ करावेत आणि पोंगलच्या गर्दीपूर्वी वेळ नोंदवावी. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सुटले, की कुरुवै भाताच्या लागवडीची धावपळ सुरू होते. ते आठवडेही टाळलेले बरे.