खंडशः पदयात्रा

दीर्घ मार्ग पायी आक्रमिण्याचे दोन प्रकार आहेत. एक, घरदार सोडून निघावे व शेवट गाठूनच परतावे. दुसरा, मार्गाचे खंड पाडून, सवड मिळेल तसा एकेक खंड पुरा करावा. पहिला प्रकार विरक्तांस साधतो. दुसरा संसारी माणसास व विद्यार्थ्यासही साधण्याजोगा आहे. म्हणून त्याचाच येथे विचार करू.

आपल्या देशात या प्रकाराचे ठळक उदाहरण नर्मदा परिक्रमेत सापडते. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर आहे. दोन्ही तीर मिळून ही वाट सुमारे २६०० किलोमीटर होते. नदी उजव्या हातास ठेवून चालावे, मध्ये ती ओलांडू नये व चातुर्मासात एके ठिकाणी मुक्काम करावा, असा जुना नेम आहे. या रीतीने तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस लागतात असे मानतात.

जबलपूरचे चित्रकलेचे शिक्षक अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) यांस इतका काळ एकदम मिळणे शक्य नव्हते. त्यांनी १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, खंडशः चालावयास आरंभ केला. जेथे एक खंड संपवावा, तेथूनच दुसरा उचलावा, असा क्रम त्यांनी पुष्कळ वर्षे चालविला. वाटेत चित्रे रेखाटली व पुढे ग्रंथ लिहिले. त्यांच्या आरंभीच्या यात्रेनंतर जबलपूरजवळ बरगीचे धरण झाले आणि तेथील जुनी वाट जलाशयाखाली गेली. पुढे सरदार सरोवरानेही तीरावरील पुष्कळ वाट बुडविली. यावरून बोध घ्यावयाचा तो हा, की वाट कोणाची वाट पाहत नाही. सर्व सवड एकदम मिळण्याची प्रतीक्षा करणाऱ्याच्या हाती पुष्कळदा काहीच लागत नाही.

आपली उमरी गोदावरीपासून दूर नाही. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून पूर्व समुद्रास मिळणाऱ्या या नदीची लांबी १४६५ किलोमीटर आहे. दरवर्षी पन्नास किलोमीटर चालण्याचा नेम केला, तर एक तीर पुरा होण्यास सुमारे तीस वर्षे लागतील. आज चौदा वर्षांचा असलेला विद्यार्थी तेव्हा चव्वेचाळिशीत, म्हणजे जवळजवळ आमच्या वयाचा असेल. हिशेब लांबचा खरा. परंतु ती वर्षे चाललो वा न चाललो तरी जाणारच आहेत.

यासाठी माघ-फाल्गुनाचे दिवस उत्तम. पावसाळ्यात आपली काळी माती पायांस मणमण चिकटते, ओढे अडवितात; वैशाखात ऊन चाळीस अंशांवर जाते. हिवाळा सरताना मात्र जमीन कोरडी असते, ओढ्यांचे पाणी उतरलेले असते, दिवस मोठा होऊ लागतो व पळस फुलतो. तरीही उजाडताच निघावे, अकरापर्यंत चालावे, दुपार सावलीत घालवावी आणि चारनंतर पुन्हा निघावे. पाणी भरपूर बाळगावे. नवी पादत्राणे घालून निघू नये; पायांस फोड येतात. एकट्याने जाऊ नये, अनोळखी डोहात उतरू नये व विचारल्यावाचून कोणाच्या शेतातील हरभऱ्यास हात लावू नये.

खंडशः चालण्यात एक अडचण आहे. सलग चालणाऱ्याचे पाय पहिल्या पंधरवड्यात तयार होतात व त्याचा लाभ त्यास अखेरपर्यंत मिळतो. आपले पाय मात्र दरवर्षी नव्याने शिकतात. म्हणून पहिल्या दिवशी थोडेच चालावे.

दुसरी अडचण मनाची आहे. खंड जेथे थांबला ते झाड, तो पूल किंवा तो मैलाचा दगड वहीत टिपून ठेवावा आणि पुढील वर्षी तेथूनच आरंभ करावा. मधला कंटाळवाणा मैल मोटारीतून ओलांडला तर पाहणारा कोणी नसतो. परंतु मग ती वाट आपण चाललो असे म्हणता येत नाही. परीक्षेतील प्रामाणिकपणावर पर्यवेक्षकाची नजर असते. येथे ती नाही, म्हणूनच ही खरी परीक्षा होय.

पवित्र शास्त्रातील 'गणना' या पुस्तकात इस्राएल लोकांच्या मिसर देशापासूनच्या प्रवासाचे मुक्काम एकामागून एक नोंदलेले आहेत. प्रेषित पौलाचे सोबती त्रोवसाहून तारवाने निघाले, तरी त्याने अस्सापर्यंत पायीच जाण्याचे ठरविले. सोपा मार्ग समोर असताना चालणे पत्करावयाचे, हे तेव्हाही काहींस मोलाचे वाटत होते.

विद्यार्थिमित्रहो, विद्या, भाषा व सद्गुण यांच्या वाटाही अशाच लांब आहेत. त्या एका सुटीत संपत नाहीत. जेथे थांबलात ती खूण विसरू नका आणि पुढचे पाऊल तेथूनच टाका. पालकांस आमची विनंती इतकीच, की या फाल्गुनात एका रविवारी दुपारनंतर मुलांस घेऊन गोदातीरी दोन कोस तरी चालावे, आणि परतताना शेवटच्या झाडाचे नाव मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे.