मूत्रवह विकार : औषधापूर्वी वृक्कपरीक्षण व वेळीच पाठवणी

चरकाचार्यांनी मूत्रवह स्रोतसाचे मूळ बस्ती व वंक्षण सांगितले असून वृक्कांची गणना मेदोवह स्रोतसाच्या मूळात केली आहे. त्यामुळे मूत्रकृच्छ्राचा वा अश्मरीचा रुग्ण आला की आपले लक्ष प्रथम बस्तीकडे जाते. परंतु रक्तातील मलभाग गाळण्याचे कार्य वृक्कांचे होय. ते कितपत शिल्लक आहे, हे औषधयोजनेपूर्वीच जाणून घेणे अगत्याचे आहे.

परभणी जिल्ह्यात ग्रीष्मात शेतमजूर दिवसभर उन्हात राबतो, पाणी कमी पितो आणि अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो. जलांश घटलेला असता या गोळ्यांनी वृक्कांचा रक्तपुरवठा आणखी मंदावतो. मधुमेही व उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत धोका अधिक. म्हणून औषध विक्रेत्यांनी चिठ्ठीशिवाय अशा गोळ्या देऊ नयेत.

वनस्पतिज औषध निरुपद्रवीच असते, हा समजही सोडावयास हवा. यवक्षारात पोटॅशियमचे प्रमाण मोठे असते. वृक्क दुर्बल असता ते रक्तात साचून हृदयगती बिघडू शकते. बेल्जियममध्ये कृशतेसाठी दिलेल्या औषधात एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती आल्याने अनेक स्त्रियांचे वृक्क निकामी झाले. ही घटना १९९३ साली प्रसिद्ध झाली. आपली ईश्वरी (सापसन) याच कुळातील आहे. कच्ची द्रव्ये घेताना ओळख पटविणे हे औषधालयाचे कर्तव्य ठरते.

मधुमेह, रक्तदाब, शोथ वा वारंवार अश्मरी असलेल्या प्रत्येक रुग्णाची रक्तातील क्रिएटिनीन व मूत्रातील अल्ब्युमिन यांची तपासणी करावी. क्रिएटिनीनवरून वय व लिंगानुसार गाळणक्षमता काढावी. केवळ क्रिएटिनीनचा आकडा प्राकृत दिसला म्हणून निश्चिंत राहू नये. गाळणक्षमता तीन महिन्यांहून अधिक काळ ६० पेक्षा कमी राहिल्यास जीर्ण वृक्कविकार समजावा.

पुढील लक्षणांत वृक्कतज्ज्ञांकडे पाठवावे :

१. गाळणक्षमता ३० पेक्षा कमी, किंवा झपाट्याने घटणारी.
२. मूत्रातून अल्ब्युमिन मोठ्या प्रमाणात जाणे, किंवा कारण न सापडणारा रक्तस्राव.
३. औषधे घेऊनही आटोक्यात न येणारा रक्तदाब.

पुढील अवस्थांत मात्र विलंब न लावता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे :

१. मूत्रप्रवृत्ती बंद होणे वा अत्यल्प होणे.
२. अश्मरीशूलासह थंडी वाजून ज्वर येणे. अवरोधाच्या मागे जंतुसंसर्ग असू शकतो.
३. शोथासह श्वास, सततची छर्दी वा तंद्रा.

रक्तशुद्धीकरणाचा (डायालिसिसचा) खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट असल्याचे नातेवाईकांना अवश्य सांगावे. खर्चाच्या भीतीने अनेकजण उशीर करतात.

पाठवणी करण्यात कमीपणा नाही. गुल्म पक्व झाल्यावर चरकाचार्यांनीच त्याची चिकित्सा धन्वंतरी संप्रदायाच्या वैद्यांकडे सोपविली आहे. सुश्रुताचार्यांनीही नवी अश्मरी औषधसाध्य, तर वाढलेली शस्त्रसाध्य मानली. अधिकाराची मर्यादा ओळखून रुग्णाला योग्य वेळी योग्य हाती देणे हाही चिकित्सेचाच भाग आहे. पाठविताना आपण दिलेल्या सर्व औषधांची यादी सोबत जोडावी.