लेखी आधार नसलेल्या फंक्शनवर काम उभं करू नका

अंबाजोगाईत आमचं बरंचसं काम ले-आउटचं. जमिनीचे प्लॉट पाडायचे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढायचं, तक्ता भरायचा. ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्पची एक छोटी स्क्रिप्ट असली की चौरस मीटरही मिळतात आणि गिऱ्हाइकाला कळणारे गुंठेही. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आमच्याकडची स्क्रिप्ट जुन्या सहकाऱ्याकडून आलेली होती आणि विनातक्रार चालत होती.

लातूरच्या एका इंजिनिअरांना ती दिली, तर त्यांच्या संगणकावर सुरुवातीलाच अडली. 'नो फंक्शन डेफिनिशन' एवढाच संदेश. तपासल्यावर कळलं, निवडलेल्या आकृत्यांची यादी करायला तिच्यात 'एसेट-एसएस-टू-लिस्ट' वापरलेलं होतं. हे फंक्शन मूळ ऑटोलिस्पचं नाही. ऑटोकॅडची 'एक्स्प्रेस टूल्स' ही जोडसाधनं आपल्या कामापुरतं ते सोबत आणतात, आणि त्या इंजिनिअरांकडे ती बसवलेलीच नव्हती. तो तक्ता शेवटी हाताने भरावा लागला.

अडली हे बरंच झालं. खरी भीती न अडणाऱ्या स्क्रिप्टची आहे. असं अंतर्गत, लेखी आधार नसलेलं फंक्शन बनवणाऱ्याने तुम्हाला कसलाच शब्द दिलेला नसतो. नव्या आवृत्तीत त्याचं वागणं बदललं तर कुणी कळवत नाही. एखादा प्लॉट यादीतून निसटतो, तक्ता मात्र नेटका छापून येतो. त्या आकड्यांवर लोक जन्माची कमाई लावतात.

म्हणून नव्याने स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना सांगतो. आधी अधिकृत संदर्भात पर्याय शोधा. 'एसएसलेंग्थ' आणि 'एसएसनेम' वापरून हीच यादी मोजक्या ओळींत होते. क्षेत्रफळासाठी 'व्हीएलएक्स-कर्व्ह-गेटएरिया' आहे. अंतर्गत फंक्शनशिवाय भागतच नसेल, तर ते स्क्रिप्टभर पसरू देऊ नका. आपल्या नावाच्या एकाच फंक्शनमध्ये ठेवा, म्हणजे बदल एकाच जागी करावा लागेल. वापरण्याआधी ते हजर आहे का पाहा: ऑटोलिस्पमध्ये व्याख्या नसलेल्या नावाची किंमत 'निल' येते, त्यामुळे एक 'इफ' पुरतो. नसेल तर काय करायचं, तेही तिथेच लिहा.

स्क्रिप्ट दुसऱ्याला देण्याआधी एक्स्प्रेस टूल्स नसलेल्या संगणकावर चालवून बघा. ऑटोकॅड एलटी वापरणाऱ्यांना आवृत्ती विचारा. तिथे ऑटोलिस्प २०२४ च्या आवृत्तीपासूनच आलं.

आणि स्क्रिप्ट कितीही भरवशाची असो, प्लॉट, रस्ते आणि मोकळी जागा यांची बेरीज मोजणीच्या क्षेत्राशी दर वेळी ताडून पाहा. ती जुळत नाही तोवर तक्त्यावर सही करू नका.