सर्पगंधेची मुळी : रान, रसशाळा आणि शेत

बांधीतील धानाची लोंबी आपण कापतो व पुढील साली पुन्हा पेरतो. हिरडा, बेहडा, आवळा यांची फळे वेचली तरी झाड उभेच राहते. परंतु काही औषधी वनस्पतींचा गुण त्यांच्या मुळीत साठलेला असतो, आणि मुळी खणली की वनस्पतीचा शेवट होतो. हा भेद ध्यानी न घेता औषधी वनस्पतींच्या संग्रहाविषयी वा लागवडीविषयी बोलणे व्यर्थ होय. गोंदिया जिल्ह्याच्या बऱ्याच भागात शेताचा धुरा आणि रानाची सीमा लागूनच आहेत. यास्तव आपल्या वाचकांस हा भेद नीट समजणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात सर्पगंधा या एकाच वनस्पतीचे उदाहरण घेऊन रानातील मुळीपासून प्रमाणित औषध कसे निर्माण होते आणि त्यातून शेतकऱ्याने काय शिकावे, याचा विचार करू.

वनस्पतीची ओळख

सर्पगंधा हे सुमारे हात-दीड हात उंचीचे लहान झुडूप असून ओलसर, सावलीच्या रानात वाढते. भारताच्या पुष्कळ प्रांतांतील पानझडी वनांत ते पूर्वीपासून आढळत आले आहे. पाने बहुधा तीन-तीनच्या फेऱ्यांनी येतात. फुले पांढरी, किंचित गुलाबी छटेची, व त्यांचे देठ तांबडे असतात. फळ पिकले म्हणजे जांभळट काळे होते. मुळी अत्यंत कडू असते. हिच्याच कुळातील दुसरे एक झुडूप रस्त्याच्या कडेला व पडीत जागी उगवते. त्याची पाने चार-चारच्या फेऱ्यांनी व लहानमोठी असतात. त्याची मुळी खऱ्या सर्पगंधेत मिसळण्याचा प्रकार व्यापारात होतो. म्हणून रोप घेताना पानांचा फेरा मोजून पाहावा. ही पहिली परीक्षा फुकटची आहे.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत या वनस्पतीचा उल्लेख आहे. बिहारकडे लोक तिला वेडावरील औषध म्हणून ओळखत असत. लोकांचा हा अनुभव निराधार नव्हता. मात्र तो तोलून पाहिलेला नव्हता. किती मुळी, कोणत्या रोग्यास, किती दिवस, आणि अपाय कोणता, या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कोणतीही मुळी ही केवळ मुळीच असते. तिला औषध म्हणता येत नाही.

मुळीपासून औषधापर्यंत

हे काम कसे होते ते धानाच्या दृष्टांताने सांगता येईल. गिरणीत धान घातले म्हणजे तूस, कोंडा आणि तांदूळ वेगळे होतात. त्याप्रमाणे रसायनशास्त्रज्ञ मुळीची पूड मद्यार्कात भिजवून तिचा अर्क काढतो, तो आटवतो, आणि आम्ल व क्षार यांच्या साहाय्याने त्यातील घटक एकमेकांपासून सोडवितो. वनस्पतीतील जी नत्रयुक्त, बहुधा कडू आणि शरीरावर तीव्र परिणाम करणारी द्रव्ये या रीतीने हाती लागतात, त्यांस अल्कलॉइड म्हणतात.

सर्पगंधेच्या बाबतीत हे काम १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी केले. त्यांनी मुळीतून अनेक अल्कलॉइड वेगळे काढले आणि त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वाढलेल्या रक्तदाबावर व उन्मादावर उपयोगी पडते, असे प्रसिद्ध केले. पाठोपाठ कलकत्त्यातच कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांवर तिची परीक्षा केली.

तथापि जगाचे लक्ष तिकडे वळले ते मुंबईमुळे. किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर या औषधाचा प्रयोग करून त्याचा वृत्तांत १९४९ साली इंग्लंडातील हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. चार आठवड्यांच्या उपचाराने बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरल्याचे त्यांनी दाखविले. या कार्याबद्दल १९५७ साली त्यांना अमेरिकेतील लॅस्कर पारितोषिक मिळाले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. डॉ. वकिलांनी मुळी नव्याने शोधून काढली नाही. ती वैद्यांना ठाऊकच होती. त्यांनी रुग्णागणिक दाब मोजला, लिहून ठेवला आणि तो हिशेब इतरांस पडताळता येईल अशा रीतीने मांडला. परंपरेचे ज्ञान व शास्त्राचे ज्ञान यांतील अंतर ते एवढेच, पण ते मोठे आहे.

त्यानंतर १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी मुळीतील मुख्य गुणकारी द्रव्य शुद्ध रूपात मिळविले. त्याचे नाव रिसर्पिन. मज्जातंतू आपापसांत निरोप पोहोचविण्यासाठी जी द्रव्ये साठवून ठेवतात, ती साठवण रिसर्पिन रिकामी करते. म्हणून नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि मन शांत होते. पुढे १९५६ साली अमेरिकेत वुडवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने मुळीशिवाय, केवळ प्रयोगशाळेत रिसर्पिन घडवून दाखविले. नंतरच्या काळात रक्तदाबावर दुसरी औषधे निघाली आणि आज ॲलोपॅथीत रिसर्पिनचा वापर फारच थोडा उरला आहे. आयुर्वेदीय औषधांत मात्र मुळीचा उपयोग चालू आहे. शेतकऱ्याने यातून घ्यावयाचा बोध असा की, औषधी पिकाची मागणी पोट भरणाऱ्या धान्यासारखी स्थिर नसते. एका नव्या शोधाने ती चढते आणि दुसऱ्या शोधाने उतरते.

घरी मुळी उगाळून घेणे का टाळावे

काही लोकांचा समज असतो की, झाडपाल्याचे औषध निरुपद्रवी असते. सर्पगंधेचा हिशेब करून पाहू. उत्तम मुळीत रिसर्पिनचे प्रमाण हजारात एक भागाच्या आसपास असते. हलक्या मुळीत ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावरही येते. म्हणजे एक ग्रॅम उत्तम मुळीत सुमारे एक मिलिग्रॅम रिसर्पिन झाले. डॉक्टर रोज देतात ती मात्रा पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. तेव्हा एक ग्रॅम उत्तम मुळीत चार दिवसांचे औषध भरले, आणि तेवढ्याच वजनाच्या हलक्या मुळीत एका दिवसापुरते. दोन्ही मुळ्या डोळ्यांस सारख्याच दिसतात. शिवाय मुळीतील इतर अल्कलॉइडही आपापले काम करीतच असतात. मात्रा जास्त झाल्यास रक्तदाब अतिशय उतरतो, ग्लानी येते. काही रोग्यांस दीर्घ वापराने खोल औदासीन्य आल्याचे डॉक्टरांनी नोंदविले आहे. म्हणून तज्ज्ञ वैद्याच्या वा डॉक्टरांच्या देखरेखीवाचून ही मुळी पोटात घेऊ नये.

दुसरी गोष्ट याहून निकडीची आहे. नावात सर्प आहे म्हणून सर्पदंशावर ही मुळी देण्याची जुनी चाल आहे. धानाच्या शेतात रोवणी, निंदणी व कापणी करणारांस सर्पाचे भय नेहमीचेच. सर्पदंशाने आधीच रक्तदाब उतरण्याचा धोका असताना दाब उतरविणारी मुळी देणे म्हणजे संकटात भर घालणे होय. विषारी सर्पाच्या दंशावर प्रतिविषाची सुई हाच उपाय आहे. महाराष्ट्रात हाफकिन संस्थेने हे प्रतिविष तयार करण्याचे काम दीर्घकाळ केले आहे. दंश झालेला हात वा पाय हलू न देता रोग्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. मुळी शोधण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

रानावर आलेले संकट

रिसर्पिनचा शोध लागताच मुळीस परदेशांतून मोठी मागणी आली आणि ती भागविली गेली ती मुख्यत्वे रानातून. फळ वेचणारास पुढील साली पुन्हा फळ मिळते. मुळी खणणारास पुढील साली खड्डा मिळतो. त्यात बी पडण्यापूर्वीच झुडूप उपटले म्हणजे वंशच खुंटला. परिणामी वन्य वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९० साली सर्पगंधेचा समावेश करावा लागला. नागझिरा-नवेगावसारख्या संरक्षित वनातून मुळी काढणे हा गुन्हा आहेच. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांस गौण वनोपजावर हक्क दिला, परंतु त्याच कायद्याने वनाच्या व जैवविविधतेच्या रक्षणाची जबाबदारीही ग्रामसभेवर ठेविली आहे. हक्क आणि राखण यांची सांगड तुटली तर हक्क कागदावर राहील आणि रान रिकामे होईल. मुळीचे औषध हवे असेल तर ते शेतातच पिकविले पाहिजे.

लागवडीची रीत

सर्पगंधेस ओल आवडते, पण साचलेले पाणी सोसत नाही, मुळी कुजते. यास्तव धानाची बांधी तिच्या कामाची नाही. घराजवळची वाडी, उंचवट्याची भुसभुशीत व खतावलेली जमीन, झाडांची विरळ सावली असलेली जागा योग्य. बी पूर्ण पिकलेल्या काळ्या फळांचे व ताजे घ्यावे. जुने बी उगवत नाही आणि ताजेही थोडेच उगवते. पाण्यात टाकून तरंगणारे बी काढून टाकावे. वैशाखाच्या सुमारास वाफ्यात बी टाकून पावसाळा लागल्यावर रोपे दोन फूट बाय एक फूट अंतराने लावावीत. खोडाच्या वा मुळीच्या तुकड्यांपासूनही रोप होते, परंतु बियांच्या झाडाची मुळी अधिक भरते.

मुळी काढण्यास निदान दीड वर्ष थांबावे. आषाढात लावलेले झाड दुसऱ्या पौषात काढावे. त्या वेळी पाने झडलेली असतात व मुळीत गुण अधिक असतो. खणताना साल खरचटू देऊ नये, कारण अल्कलॉइडचा बहुतेक सर्व साठा सालीतच असतो. माती धुऊन मुळी सावलीत खडखडीत वाळवावी. दमट मुळीस बुरशी लागून सर्व श्रम वाया जातात.

कागदपत्रांविषयी

दफ्तरात आयुष्य घालविलेल्या मनुष्याची एक सूचना वाचकांनी मान्य करावी. मुळी शेतातील की रानातील, हे तिच्याकडे पाहून सिद्ध होत नाही. ते कागदाने सिद्ध होते. लागवड करताच सात-बारातील गाव नमुना बारामध्ये पिकाची नोंद करावी. २०२१ पासून ई-पीक पाहणीने शेतकऱ्यास स्वतः भ्रमणध्वनीवरून ही नोंद करता येते. जैविक विविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने शेतात लावलेल्या औषधी वनस्पतींस काही बंधनांतून सूट मिळाली आहे. तिच्यासाठी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून उगमाचा दाखला घ्यावा लागतो. रोपे विकणारा मनुष्य मालही आपणच उचलू असे म्हणत असेल, तर भाव, वजन, वाळवणीचा दर्जा आणि परीक्षा कोण करणार हे मुद्रांकित कागदावर लिहून घ्यावे. तोंडी वचनाचा उतारा कोणत्याही कचेरीत मिळत नाही. आणि गिऱ्हाईक निश्चित झाल्यावाचून दोन-चार आरांहून अधिक जागा या पिकास देऊ नये. धानाची जमीन तर मुळीच गुंतवू नये.

सारांश, ज्या वनस्पतीचे फळ औषधी ती रानात राखावी व फळ वेचावे. जिची मुळी औषधी ती शेतात लावावी. मात्रा ठरविण्याचे काम वैद्याचे, गुण तोलण्याचे काम प्रयोगशाळेचे. शेतकऱ्याचे काम खरी, निर्भेळ व नीट वाळलेली मुळी देण्याचे. या तिघांत शेतकऱ्याचे काम पहिले आहे, कारण मूळ माल खोटा असेल तर पुढील सर्व विद्या निरुपयोगी ठरते.