वेबसाइटच्या वेगाचं बिल

वर्डप्रेसवरची साइट रखडत उघडते म्हटलं की डेव्हलपर दोनपैकी एक उपाय सुचवतो: कॅशिंगचं प्लगइन, नाहीतर सर्व्हरवर व्हार्निश नावाचं कॅशिंगचं सॉफ्टवेअर. काम एकच. प्रत्येक पाहुण्यासाठी पीएचपी आणि डेटाबेसला राबवण्याऐवजी एकदा तयार झालेलं पान साठवायचं आणि तेच पुढच्यांना द्यायचं. बिलं मात्र फार वेगळी येतात.

आधी होस्टिंग बघा. ते शेअर्ड असेल तर व्हार्निश स्वतः बसवताच येत नाही. प्रश्न तिथेच मिटला. माहितीपर साइटला डब्ल्यूपी सुपर कॅश हे प्लगइन पुरतं आणि ते फुकट आहे. होस्टकडे लाइटस्पीड सर्व्हर असेल तर लाइटस्पीड कॅश हे प्लगइन घ्या. तेही फुकट, शिवाय पानं साठवण्याचं काम थेट सर्व्हर करतो. साध्या अपाचे सर्व्हरवर ही सोय मिळत नाही. डब्ल्यूपी रॉकेट या प्लगइनला एका साइटसाठी वर्षाला 59 डॉलरच्या आसपास, म्हणजे पाच हजार रुपयांच्या पुढे मोजावे लागतात, आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क वेगळं. हे पैसे सोप्या सेटिंगचे आहेत. सेटिंग करणारं कोणी हाताशी असेल तर मी ते देणार नाही.

व्हार्निश 2006 साली नॉर्वेतल्या एका मोठ्या दैनिकाच्या साइटसाठी घडवलं गेलं, यावरूनच त्याची झेप कळावी. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. पण त्यासाठी व्हीपीएस, म्हणजे स्वतःच्या ताब्यातला आभासी सर्व्हर लागतो. एक जीबी मेमरीचा साधा व्हीपीएस घेतला तरी महिन्याला पाच-सहा डॉलर. एचटीटीपीएससाठी बहुतेकदा त्याच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवावा लागतो. मग लॉगिन केलेल्यांसाठी, आणि ऑनलाइन दुकान असेल तर कार्टसाठी वेगळे नियम लिहा. लिहिणारा माणूस पैसे घेणार, आणि दुकानाचं प्लगइन बदललं की पुन्हा घेणार. व्हीपीएस असलाच, तर एनजिनएक्सचं स्वतःचं कॅशिंग आधी वापरून बघा. बहुतेक दुकानांना व्हार्निशची गरजच पडत नाही.

आणखी एक पर्याय साइटच्या पुढे उभ्या राहणाऱ्या क्लाउडफ्लेअर या सेवेचा. तिची फुकट योजना आपणहून चित्रं आणि स्टाइलच्या फायली साठवते, पानं नव्हे. वर्डप्रेसची पानं साठवणारी त्यांची सोय महिन्याला पाच डॉलरची.

कोटेशन घेताना विचारा: किंमत बदलली की जुनं पान कोण पुसणार? कार्ट, चेकआउट आणि खात्याची पानं वगळलीत का? पानं साठवणारी दोन प्लगइनं एकत्र चालवू देऊ नका. आणि वेग मोजताना लॉगआउट करा. लॉगिन असलेल्याला बहुतेक वेळा मुद्दाम ताजं पानच दिलं जातं.