मला लेखक व्हायचंय, बाई!



'मी कोण होणार?' हा निबंध आपण सगळेच दरवर्षी घेतो. माझ्या पाचवीच्या वर्गात मागे घेतला तेव्हा नेहमीप्रमाणे पोलीस निघाले, डॉक्टर निघाले, दोन-तीन शिक्षिका निघाल्या, एक हॉटेलमालकही निघाला. आणि एका मुलीने लिहिलं, मी लेखक होणार. पुढे फक्त चार ओळी. त्यातही कारण काहीच नाही.

नाव सांगत नाही, मुलगी लहान आहे. वडील घोडेवाले. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात, पुढे चालत, घोड्यावर नाहीतर रिक्षात. त्यामुळे वडील सकाळीच घोडा घेऊन नाक्यावर जातात. आई एका हॉटेलात खोल्या आवरते. ही मुलगी घरचं पाणी भरून, धाकट्या भावाला तयार करून, लाल मातीच्या वाटेने चालत शाळेत येते. पावलं आणि दप्तराचं बूड कायम तांबडं. सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांची गर्दी असली की शाळा सुटल्यावर मावशीच्या चिक्कीच्या दुकानात बसते. तिचं लिहिणं होतं ते तिथे, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. वही म्हणजे कुणीतरी दिलेली जुन्या वर्षाची डायरी. पावसाळ्यात आमच्याकडे धुकं खिडकीतून वर्गात येतं, वह्या ओलसर होतात, शाई फुटते. म्हणून ती डायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवते. हे मला तिच्या आईकडून कळलं. आईची तक्रार होती, की तांदूळ काढताना वही आधी बाहेर काढावी लागते!

एकदा मधल्या सुट्टीत विचारलं, "लेखकच का गं?" मला वाटलं, पुस्तकावर नाव येतं, फोटो येतो, असं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, "पप्पा प्रत्येक पाहुण्याला घोड्याची वेगळीच गोष्ट सांगतात. कुणीतरी खरी लिहून ठेवायला पाहिजे ना, बाई."

हे उत्तर ऐकूनही मी जी चूक केली ती इथे सांगायलाच हवी.

'पावसाळ्यातील एक दिवस' या निबंधात तिने लिहिलं होतं, 'पाऊस लागला की पप्पा घोडा खाली गावात नेऊन ठेवतात. मग आमचं घर मोठं वाटतं आणि रात्री झोप येत नाही, कारण घोड्याच्या पायांचा आवाज येत नाही.' मी लाल पेनाने दोन्ही वाक्यांखाली रेघ मारली. शेरा लिहिला, 'विषयाला धरून लिही. निसर्गवर्णन कुठे आहे?' दहापैकी सहा गुण. पुढच्या चाचणीत तिने धरणीला हिरवा शालू नेसवला, मोराला पिसारा फुलवून नाचवला, बळीराजाला आनंदी केलं. मी नऊ गुण दिले. मोर तिने पाहिला होता की नाही, हे मी विचारलंही नाही. त्यानंतर तिने मला काही दाखवणं बंद केलं. शाळेतलं लिहिणं बाईंसाठी आणि डायरीतलं स्वतःसाठी, अशी तिने सरळ वाटणी करून टाकली.

माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा. निमित्त झालं नारायण सुर्वे यांचं. आमची मिनी ट्रेन डोंगर उतरून जिथे थांबते त्या नेरळला सुर्वे यांचं उतारवयात वास्तव्य होतं. त्या निमित्ताने वर्गाला त्यांच्याविषयी सांगावं म्हणून मी वाचायला घेतलं, आणि मुलांआधी मलाच धडा मिळाला.

अनाथ अवस्थेत सापडलेल्या या मुलाला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगाराने घरी नेलं, आपलं नाव दिलं आणि शाळेत घातलं. शिक्षण चौथीपर्यंत. पुढे घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला कामगार अशी पडतील ती कामं. मग मुंबईत महापालिकेच्या शाळेत शिपाई. शिपाई असतानाच ते सातवीची परीक्षा पास झाले आणि प्राथमिक शिक्षक झाले. म्हणजे आधी शाळेची घंटा वाजवली आणि नंतर शाळेत शिकवलं. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा पहिला संग्रह १९६२चा, 'माझे विद्यापीठ' १९६६चा. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, १९९८मध्ये पद्मश्री मिळाली.

पुरस्कारांपेक्षा मला वेगळीच गोष्ट जास्त लागली. शाळेत मुलाचं नाव घालायला आलेली आई, वडिलांच्या नावाचा प्रश्न आणि समोर मास्तर, यावर त्यांची एक प्रसिद्ध कविता आहे. दाखल-खारीज रजिस्टर आपण सगळेच भरतो. मीही दर जूनमध्ये भरते. त्या रकान्यात कविता असू शकते, हे मला कधी दिसलं नव्हतं. आणि अशा माणसाच्या वहीवर मी 'विषयाला धरून लिही' असा शेरा मारला असता, याची मला खात्री आहे.

तेव्हापासून मी एवढंच बदललं. शनिवारी शेवटच्या तासाला ज्याला वाटेल त्याने आपलं लिहिलेलं वाचायचं. माझ्या हातात पेन नसतो. शुद्धलेखन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वहीत. ते घ्यायलाच हवं, त्यात सूट नाही, पण त्याच श्वासात नाही. वाचून झालं की मी कौतुकही फार करत नाही, एक खरा प्रश्न विचारते. 'घोड्याला खाली कोण सांभाळतं?' असा. उत्तर द्यायला मूल पुन्हा लिहितं. साने गुरुजी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत, रोज! आपल्याला महिन्याला एक भित्तीपत्रक जड जाऊ नये. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतं, तेही वर्गात ठेवा. मात्र छापून येण्यासाठी लिहा, असं मुलांना सुरुवातीलाच सांगू नका. स्पर्धेबद्दलही माझं हेच मत आहे. पाठ केलेल्या निबंधाला बक्षीस मिळताना मूल बघतं, आणि त्यातून काय शिकायचं ते शिकतं.

ती मुलगी पहिले काही शनिवार गप्प बसली. मीही आग्रह केला नाही. मग एकदा सगळ्या वर्गासमोर तिला सांगितलं, की पावसाच्या निबंधातली तुझी ती दोन वाक्यं बरोबर होती आणि बाईंचा शेरा चुकला होता. मुलं हसली. ती हसली नाही, मान खाली घालून बसली. त्याच्या पुढच्या शनिवारी दोन पानं वाचली. घोड्याला नाल मारतानाचं होतं.

पालकसभेला तिचे वडील आले होते. त्यांचा प्रश्न रास्त होता, "मॅडम, लिहून पोट भरतं का?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, एकट्या लिहिण्यावर भरेलच असं नाही, सुर्वे यांनीही शाळेची नोकरी करतच लिहिलं. तिला शिकवा आणि लिहूही द्या. मग मी विचारलं, "ती काय लिहिते ते तुम्ही कधी ऐकलंय का?" ते म्हणाले, "रोज रात्री वाचून दाखवते की. परवा लिहिलं होतं, घोडा उजव्या पायाने लंगडत होता. मी म्हटलं, डावा पाय गं. तिने खोडून नीट केलं."