दूरचे दुःख आणि मदतीचे आवाहन

शेजारच्या घरी चूल पेटली नाही, तर ते आपणांस कोणी सांगावे लागत नाही. दूरचे दुःख मात्र शब्दांत किंवा चित्रांत बांधून आपल्या दारी आणावे लागते. हे काम मदतीचे आवाहन करते. म्हणून आवाहनाने मनात कोणत्या भावना उठतात, याचा विचार प्रत्येक धर्मादाय संस्थेने करणे अगत्याचे आहे.

चित्राचे सामर्थ्य मोठे असते. १९४३ साली बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मरत असता सरकार ‘दुष्काळ’ हा शब्दही उच्चारण्यास नाखूश होते. २२ ऑगस्ट रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्राने, संपादक इयन स्टीफन्स यांच्या धैर्यामुळे, रस्त्यावर पडलेल्या उपाशी माणसांची छायाचित्रे छापली. त्यानंतर ती उपासमार झाकून ठेवणे शक्य राहिले नाही.

परंतु करुणेचा एक दुबळेपणाही आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन व पॉल स्लॉव्हिक या अमेरिकेतील संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पाच डॉलर मेहनताना देऊन, त्यातून इच्छेस येईल तेवढे दान करा, असे सांगितले. एका गटास आफ्रिकेतील सात वर्षांच्या एका मुलीचे चित्र व हकीकत दिली. त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. दुसऱ्या गटास लाखो उपाशी लोकांचे आकडे दिले, त्यांनी १.१४ डॉलर दिले. तिसऱ्या गटास मुलगी व आकडे, दोन्ही दिली, दान १.४३ डॉलरवरच थांबले. म्हणजे गरज मोठी आहे असे कळल्यावर हात आखडला! करुणेला चेहरा ओळखता येतो, मोजणी येत नाही.

आवाहन लिहिणारे हे अनुभवाने आधीच जाणत होते. १९८४ च्या इथिओपियातील दुष्काळाच्या वेळी हाडे निघालेल्या मुलांची चित्रे जगभर गेली. पुढे अशा चित्रांवर टीका झाली आणि १९८९ साली युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी चित्रे व मजकूर यांविषयी आचारसंहिता स्वीकारली. दोष उघड आहे. अशा चित्राने दाता स्वतःस थोर समजू लागतो, आणि पीडित माणूस केवळ हात पसरणारा वाटतो. तो काल शेत नांगरीत होता, हे आपण विसरतो. शिवाय तेच चित्र वारंवार पाहून मन निबर होते.

मग भावना टाकून द्यावी काय? नव्हे. भावनेने दार ठोठवावे; देण्याचे माप मात्र कर्तव्याने ठरवावे. आमच्या मुसलमान समाजात जकातीचा नियम आहे. ठराविक मर्यादेइतकी संपत्ती वर्षभर जवळ राहिली, की तिचा चाळिसावा हिस्सा द्यावयाचा. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आले की नाही, हे कोणी विचारीत नाही. घेणाऱ्याचा तो हक्क मानला आहे, उपकार नव्हे. ख्रिस्ती समाजातील दशांशामागेही नियमित देण्याचाच विचार आहे.

आवाहन लिहिणाऱ्यांस आमची सूचना एवढीच: चेहरा जरूर दाखवा, पण त्या माणसाच्या संमतीने व त्याची मान खाली जाणार नाही अशा रीतीने. आपत्तीचे कारण सांगा. पैशाचा हिशोब द्या. आणि वाचकांनी आवाहन येण्यापूर्वीच वर्षाचा वाटा बाजूस काढून ठेवावा. म्हणजे ज्यांचे चित्र कोणी काढलेच नाही, त्यांच्यापर्यंतही तो पोहोचेल.